गाडी चालू, पण पळेना! 'चेक इंजिन'चा दिवा, सेन्सर अन् वायरिंगच्या भानगडी : वाहनधारकांसाठी सविस्तर माहिती

पहाटे तीनला कांदा भरलेली पिकअप लासलगावच्या दिशेने निघते. घाट नाही, चढ नाही, तरी मध्येच मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी चाळीसच्या वर जायला तयार होत नाही. पेडल तळापर्यंत दाबले तरी इंजिन ऐकत नाही. ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, चावी बंद करून पुन्हा चालू करतो. दोन किलोमीटर नीट पळते आणि पुन्हा तेच. लिलावाची वेळ चुकते ती चुकतेच. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली तर दिवा गायब. 'काहीच नाही झालं दादा, घेऊन जा' असे ऐकून गाडी घरी येते आणि चौथ्या दिवशी परत रस्त्यात उभी राहते.

पिकअप असो, छोटा टेम्पो असो, नवी दुचाकी असो की मोठा ट्रॅक्टर, तालुक्याच्या गावात अशा तक्रारी आता रोजच्या झाल्या आहेत. इंजिन ठणठणीत असते, बिघाड विजेचा असतो, आणि तो सापडेपर्यंत एकामागून एक पार्ट बदलले जातात. पैसे जातात, दिवस मोडतात. यातले बरेचसे बिघाड साध्या कारणाने होतात. ते कसे होतात, कसे ओळखायचे आणि गॅरेजमध्ये काय विचारायचे, याची ही माहिती.

पूर्वी धक्का मारला की गाडी सुरू व्हायची

जुन्या डिझेल गाडीला वीज लागायची ती सेल्फ मारायला, दिव्यांना आणि हॉर्नला. पंप मेकॅनिकल होता. एकदा इंजिन फिरले की बॅटरी काढून ठेवली तरी ते चालत राहायचे. म्हणून उतारावर लावलेली गाडी सकाळी धक्का देऊन सुरू व्हायची आणि मेस्त्री आवाज ऐकून सांगायचा की नोझल गेले की टायमिंग हलले.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. धुराची मर्यादा इतकी कडक झाली, की डिझेल किती आणि नेमके कधी सोडायचे हे लोखंडी पंपाच्या हातात ठेवणे शक्य राहिले नाही. कॉमन रेल पद्धतीत डिझेल १६०० बार किंवा त्याहून जास्त दाबाखाली एका नळीत साठवले जाते आणि प्रत्येक नोझल विजेच्या इशाऱ्यावर उघडते. इशारा देतो तो ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. त्याला क्रँक कुठे आहे, हवा किती येते, पाणी किती तापले, रेलमध्ये दाब किती, पेडल किती दाबले हे सगळे सेन्सर सांगतात. यातल्या क्रँक सेन्सरची बातमी येणे थांबले, की बहुतेक गाड्या जागच्या जागी बंद पडतात.

दुचाकीतही तेच झाले. बीएस-६ पासून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि फ्युएल इंजेक्शन आले. टाकीतल्या पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली असेल तर अनेक मॉडेल कितीही किका मारल्या तरी सुरू होत नाहीत, आणि आता बऱ्याच गाड्यांना किकच नसते. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६चा दुसरा टप्पा आला. त्यात गाडी रस्त्यावर चालू असतानाच धुराशी संबंधित भागांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणखी कडक झाली. थोडक्यात, दिवा लागायची कारणे वाढली.

ट्रॅक्टरवाल्यांना अजून थोडी सवलत आहे. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून नवे धूर-नियम लागू झाले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा आली. पण गावोगाव दिसणारे ३५ ते ५० एचपीचे बहुसंख्य ट्रॅक्टर अजून मेकॅनिकल पंपाचेच आहेत. जुना ट्रॅक्टर विकून मोठा घेणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. जुन्या ट्रॅक्टरशी ज्या सवयीने वागता येत होते, त्या सवयी नव्याला महागात पडतात. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

दिवा लागला म्हणजे नेमके काय

लाल दिवा म्हणजे थांबा. ऑइलचा दाब, इंजिनचे तापमान, ब्रेक, चार्जिंग यांचे दिवे लाल असतात. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणणाऱ्याचे इंजिन पुढच्या गावापर्यंत टिकेलच असे नाही.

पिवळा 'चेक इंजिन' दिवा म्हणजे कॉम्प्युटरला एखादे माप बसत नाही, त्याची नोंद त्याने केली आहे. गाडी नेहमीसारखी चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. पेट्रोल गाडीत हा दिवा लुकलुकत असेल तर मात्र स्पार्क चुकतो आहे, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आहे आणि तो महागडा भाग जळू शकतो. अशा वेळी वेग कमी करावा, शक्य तर थांबावे. काही दुचाक्यांत हाच दिवा चावी लावल्यावर लांब-आखूड लुकलुकून कोड सांगतो. त्याचा अर्थ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, त्यामुळे तो बिघाड समजून घाबरायचे कारण नाही.

गाडी चाळीसच्या वर जात नाही ती मुद्दाम. पेडलच्या खाली दोन सेन्सर असतात आणि ते एकमेकांची बातमी तपासतात. दोघांचे जमले नाही, किंवा रेलचा दाब हवा तेवढा दिसला नाही, तर ईसीएम ताकद कमी करतो. इंजिन फुटू नये आणि गाडी कशीबशी घरी पोहोचावी, एवढाच त्याचा हेतू असतो. चावी बंद करून चालू केली की तो पुन्हा नव्याने तपासतो, म्हणून थोडा वेळ बरे वाटते.

सगळ्यात आधी बॅटरी

दहा सेन्सरचे कोड एकदम आले, मीटरवर चार दिवे एकदम लागले, तर दहा सेन्सर एकदम गेलेले नसतात. आधी बॅटरी बघावी. शे-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर यासाठी पुरतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मोजले, तर चांगल्या चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून मोजावे. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवे. १३ च्या खाली असेल तर डायनमो चार्ज करत नाही. १५ च्या वर जात असेल तर डायनमोचा रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीसकट कॉम्प्युटरही खाऊ शकतो. (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे आकडा थोडा खाली-वर होतो, त्याने गडबडून जाऊ नये.)

कमी व्होल्टेजमुळे गंमत अशी होते, की सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही. जुन्या माणसाला वाटते, सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली. पण त्या क्षणी ईसीएमला पुरेसा व्होल्ट मिळत नसेल तर तो नोझल उघडत नाही. मग पंप बदला, नोझल काढा, फिल्टर टाका असे सुरू होते. एका बॅटरीच्या किमतीच्या अनेकपट खर्च यात निघून गेल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारली तर तो सांगेल, दुसऱ्याच्या गॅरेजची का होईना.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर काहीतरी गुपचूप वीज पीत असते. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास सोडल्यावर तिचा खप साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. त्याऐवजी एक अँपिअर जात असेल तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत संपते. मोजताना मल्टिमीटर मायनसच्या तारेत मधे जोडायचा आणि एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्या लाइनवर चोर. बहुतेक वेळा तो बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा ट्रॅकर निघतो.

अर्थिंग : दिसत नाही, पण सगळ्यात जास्त छळते

बॅटरीच्या मायनसपासून एक जाड तार चेसीला आणि एक इंजिनला जाते. या तारांच्या टोकाला गंज चढला, हिरवट-पांढरी बुरशी आली किंवा रंग दिल्यानंतर बोल्ट रंगावरच आवळला, की परतीचा रस्ता अरुंद होतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेन्सरची बातमी मात्र बदलून पोहोचते. सेन्सर ५ व्होल्टच्या हिशेबात बोलतात. तिथे पाव व्होल्टचा फरकही मोठा असतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या मोकळ्या लोखंडावर ठेवायची आणि सेल्फ मारायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने घासून चकाकी आणायची, घट्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचे. पैसे लागत नाहीत, म्हणून बहुधा हे काम बिलात दिसत नाही आणि करायचेही राहून जाते.

पावसाळ्यात नवी पिकअप बंद पडली आणि उन्हात वाळल्यावर सुरू झाली, तर पाणी कपलरमध्ये शिरले आहे. सर्व्हिसिंग सेंटरला उच्च दाबाच्या पंपाने इंजिन धुऊन घ्यायची हौस इथे नडते. कपलरला रबरी सील असते, पण थेट जवळून मारलेल्या फवाऱ्यापुढे ते टिकत नाही. ईसीएम, फ्यूज बॉक्स, डायनमो यांच्यावर पाणी मारू नका, असे धुणाऱ्या पोराला स्वतः उभे राहून सांगावे लागते. कपलर भिजला असेल तर बॅटरीची मायनस काढून, कपलर उघडून हवेने वाळवावा. पिना वाकवून किंवा सुईने भोक पाडून तपासू नये, कारण त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी आत जाते आणि आतली तांब्याची तार काळी पडते.

उंदीर

गोठ्याशेजारी, कांदा चाळीजवळ, मक्याच्या पोत्यांशेजारी गाडी उभी असली की उंदीर इंजिनमध्ये घर करतो. तिथे ऊब असते. त्याचे दात सतत वाढत असतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. हल्लीच्या वायरच्या वेष्टनात सोयाबीनचा अंश असतो म्हणून उंदीर खातात, अशी एक चर्चा आहे. अमेरिकेत त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. पण वायर जुन्या पद्धतीची असली तरी उंदीर सोडत नव्हताच, हे कोणताही बोअरवेलची केबल बदलणारा सांगेल.

त्रास असा, की उंदीर वायर पूर्ण तोडत नाही. वरचे वेष्टन खातो आणि दोन तारा उघड्या ठेवतो. गाडी उभी असताना सगळे ठीक, खड्ड्यात आदळली की तारा एकमेकांना लागतात आणि दिवा लागतो. बोनेट आठवड्यातून एकदा उघडून बघणे, लेंड्या-चिंध्या दिसल्या तर हार्नेसवर हात फिरवणे आणि शक्यतो धान्यापासून लांब मोकळ्यात गाडी लावणे, एवढे करता येते. विष ठेवले तर उंदीर कधी कधी ब्लोअरमध्येच जाऊन मरतो, त्याचा वास महिनाभर पुरतो. विमा असेल तर उंदराचे नुकसान त्यात बसते का, हे पॉलिसी घेतानाच विचारावे. प्रत्येक कंपनीची अट वेगळी असते.

हौसेचे मोल

एलईडी बार, दोन जादा हॉर्न, मागे रंगीत पट्ट्या, केबिनमध्ये अॅम्प्लिफायर. नव्या पिकअपची ही पहिली खरेदी. मूळ वायर सोलून तिला पीळ देऊन टेप गुंडाळली की काम झाले, असे समजले जाते. हिशेब करून बघितला तर दीडशे वॉटचा बार १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. पार्किंग दिव्याच्या बारीक वायरीवर तो जोडला तर वायर तापते, फ्यूज उडतो, मग कोणीतरी मोठा फ्यूज घालतो. १०चा फ्यूज उडतो म्हणून २०चा घालणे म्हणजे फ्यूजऐवजी वायरला जळायला सांगणे. गाड्यांना आग लागण्याच्या कारणांत असले जोड असतात.

जादा काही लावायचेच असेल तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीजवळच वेगळा फ्यूज आणि मधे रिले. मूळ हार्नेसला हात नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर शोरूमवाले कापलेली वायर दिसताच इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारू शकतात.

पाच व्होल्टची सामाईक लाइन

हा भाग जरा किचकट आहे, पण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. ईसीएम बऱ्याच सेन्सरना एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून वीज देतो. गावातल्या एका डीपीवर दहा मोटारी असाव्यात तसे. एका मोटारीची केबल शॉर्ट झाली की दहाही बंद पडतात. तसेच एखाद्या सेन्सरची वायर ब्रॅकेटवर घासून लोखंडाला लागली, तर त्या लाइनवरचे पेडल सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर, टर्बोचा सेन्सर सगळे चुकीचे बोलायला लागतात. स्कॅनर चार कोड दाखवतो. चार सेन्सर बदलले जातात. तरी दिवा जात नाही. शेवटी 'ईसीएम गेला' असे निदान होते, आणि तो सगळ्यात महाग.

जाणकार इलेक्ट्रिशियन इथे काही बदलत नाही. तो आधी ५ व्होल्ट खरेच ५ आहेत का ते मोजतो, मग एकेक सेन्सरचा कपलर काढत जातो. ज्या कपलरला व्होल्ट परत येतात, तिथे दोष. तोही बहुधा सेन्सरचा नाही, वायरचा. ईसीएम बदलायला सांगितले तर 'पाच व्होल्टची लाइन आणि ईसीएमचे अर्थिंग तपासले का?' एवढा एक प्रश्न विचारावा.

कॉम्प्युटर एकाहून जास्त असतात. इंजिनचा, एबीएसचा, मीटरचा, चावीचा. ते एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. ही कॅन पद्धत बॉश कंपनीने १९८० च्या दशकात आणली. या तारांपैकी एक तुटली तर 'यू' अक्षराने सुरू होणारे कोड येतात, मीटर बंद पडते किंवा चावी ओळखली जात नाही. बॅटरी काढून, ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला तर बहुतेक गाड्यांत ६० ओहम येतो. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. दोन मिनिटांचे काम.

स्कॅनर मारला म्हणजे निदान झाले नाही

कारला आणि बहुतेक छोट्या मालवाहू गाड्यांना स्टेअरिंगच्या खाली १६ पिनांचे सॉकेट असते. तिथे स्कॅनर लावला की कोड दिसतो. उदाहरणार्थ, पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. 'सर्किट' हा शब्द महत्त्वाचा. त्यात सेन्सर आला, वायर आली, कपलर आला, सेन्सर आणि दातेरी चक्रातले अंतर आले. पी ००८७ म्हणजे रेलचा दाब कमी. कारण पंपही असू शकतो आणि चोंदलेला डिझेल फिल्टरही. आधी फिल्टर बदलावा, मग पंपाकडे जावे. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. हा कोड दुसऱ्या कोडांबरोबर आला असेल तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून बॅटरी-डायनमो बघावा.

क्रँक सेन्सरची एक खोड जुने ड्रायव्हर ओळखतात. गाडी गरम झाली की अचानक बंद, अर्धा तास थांबले की सुरू. गॅरेजमध्ये थंड गाडीवर सेन्सर चांगलाच दिसतो. अशा वेळी गाडी गरम करून तपासायला सांगावे.

येत-जात बिघाडासाठी दोन गोष्टी उपयोगी पडतात. कोड नोंदवताना कॉम्प्युटर त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान हेही साठवतो. स्कॅनरवर ते बघायला सांगावे. म्हणूनच गॅरेजला जाण्याआधी बॅटरीचे टर्मिनल काढून दिवा घालवू नये. दिवा जातो, पण पुरावाही जातो. दुसरे, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर आकडे बघत वायरिंगचा गठ्ठा हाताने हलवत जायचे. जिथे हलवल्यावर आकडा उडी मारतो, तिथली टेप उघडायची.

मोबाइलला जोडायचे ब्लूटूथचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. कार आणि छोट्या गाड्यांचे साधे कोड त्यावर दिसतात, पण एबीएस, एअरबॅग यांचे सहसा दिसत नाहीत. २४ व्होल्टच्या ट्रकला ते लावू नये, जळते. आणि कायमचे लावून ठेवले तर तेही बॅटरी पीत राहते.

युरिया, काजळी आणि उसाचे पाचट

बीएस-६ च्या ट्रक-बस आणि काही छोट्या गाड्यांत धूर साफ करायला युरियाचे पाणी लागते. त्याचे प्रमाण ठरलेले आहे. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. घरी शेताचा युरिया पडलेला असतो, मग तोच बादलीत विरघळवून टाकीत ओतायचा मोह होतो. हा प्रकार सपशेल चुकीचा. शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप असतो, विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. त्याचे खडे होऊन पंप, नोझल, सेन्सर चोंदतात. गाडीचा सेन्सर दर्जा ओळखतो आणि ताकद कमी करतो. बचत शंभर-दोनशेची आणि दुरुस्ती हजारोंची. शिवाय अनुदानाचा युरिया दुसरीकडे वापरणे हा गुन्हा आहे.

अनेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ असते. ती भरली की कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून काजळी जाळतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने पळावी लागते. गाव ते मळा, मळा ते दूध डेअरी असा तीन-चार किलोमीटरचाच फेरा असेल तर ती जाळण्याची क्रिया कधी पुरीच होत नाही. गाळणीचा दिवा लागल्यावर हमरस्त्यावर एक लांब चक्कर मारली तर बऱ्याचदा प्रश्न सुटतो. दुर्लक्ष केले तर गाळणी पक्की चोंदते. काजळी जळताना गाळणीत ६०० अंशांच्या आसपास तापमान जाते. त्या वेळी वाळलेल्या पाचटावर, कडब्यावर गाडी उभी करणे धोक्याचे आहे.

गाळणी कापून, कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअर बदलून देणारे भेटतात. 'कायमची कटकट गेली' असे सांगतात. वॉरंटी जाते, पीयूसी अडचणीत येते आणि धुराचे निकष मोडणारी गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

या जुन्या सवयी सोडाव्या लागतील

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून 'डायनमो चार्ज करतो का' बघणे. जुन्या गाडीत हे खपून गेले. नव्या गाडीत टर्मिनल निघताच व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते आणि ईसीएम जाऊ शकतो. एका क्षणाच्या परीक्षेची किंमत फार.

ट्रॉलीचा हुक, पिकअपचा हौदा, बंपर वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेली ठेवणे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची मायनस तार काढावी आणि वेल्डिंगची अर्थ चिमटी जिथे जोड मारायचा तिथेच जवळ लावावी, लांब चेसीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. नाहीतर करंट वाट शोधत कॉम्प्युटरमधून जातो.

१२ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप देणे. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते. आधी दोन्हींच्या प्लस जोडाव्यात. मग चांगल्या बॅटरीची मायनस आणि बंद गाडीच्या इंजिनचे मोकळे लोखंड जोडावे. मायनस-प्लसची उलटापालट झाली तर निदान मुख्य फ्यूज जातोच, नशीब वाईट असेल तर डायनमो आणि ईसीएमही.

दुचाकीवाल्यांनी रिझर्व्हवर आठवडाभर गाडी रेटू नये. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

बिल देण्याआधी

गाडी टाकताना जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. 'चेक इंजिन' एवढेच नको. 'गरम झाल्यावर, चढाला, दोन दिवसांतून एकदा' असे. दिवा लागला की मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढून ठेवावा, म्हणजे 'काहीच नाही झालं' ऐकावे लागत नाही. स्कॅनरवर आलेल्या कोडचा फोटो मागावा. बदललेला जुना पार्ट परत मागावा. पार्ट बदलूनही तीच तक्रार राहिली तर लेखी कळवावे, तोंडी नव्हे.

यात गॅरेजवाल्याची बाजूही आहे. गावातला मेस्त्री वीस वर्षे इंजिन उघडतो, पण कंपनीचे सॉफ्टवेअर आणि वायरिंगचा नकाशा त्याला सहज मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल २,५४४ कोटी रुपयांवर दंड लावला होता. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात वाहने आणि शेती अवजारे दोन्ही आहेत. तरीही तालुक्याच्या गॅरेजपर्यंत ही साधने पोहोचायला वेळ लागतो आहे, आणि तोवर अंदाजाने पार्ट बदलण्याचा खर्च गाडीमालकाच्या माथी येतो.

तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तो टोल-फ्री आहे. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. तिथे जॉब कार्ड, बिले आणि ते व्हिडिओ उपयोगी पडतात.

जुनी बीएस-६ गाडी विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की बघावी. चावी 'ऑन' केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी चेक इंजिनचा दिवा लागायला हवा आणि सुरू झाल्यावर विझायला हवा. चावी लावल्यावर दिवा लागतच नसेल तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता आहे. अशी गाडी सौदा ठरण्याआधी स्कॅनरला लावून, गाळणी जागेवर आहे का ते खाली वाकून बघून आणि हार्नेसवरच्या टेपा मोजूनच घ्यावी.